कोच ट्रॅमेलची बादली

डॉटच्या हॉटेलात खिडकीपाशी एक गोल टेबल आहे. त्यावर रोज सकाळी एकच खटला चालतो. लॉव्हेल कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉलच्या संघाला आजवर मिळालेला सर्वांत थोर कोच कोणता? वकील तेच, साक्षीदार तेच, न्यायाधीश कोणीच नाही. त्यामुळे निकाल लागत नाही आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कॉफी मागवता येते.

एका बाजूला हॉलिस ट्रॅमेल. माझ्या तरुणपणी त्यांनी आमच्या खेचरांना, हो, आमच्या संघाचं नावच ते आहे, अख्ख्या अलाबामात नाव मिळवून दिलं. दुसऱ्या बाजूला आत्ताचे मार्कस ऑगल्सबी. त्यांनी ट्रॅमेलपेक्षा जास्त सामने जिंकलेत, तरी त्यांना वरच्या पाटावर बसवायला टेबल तयार नाही. ते काळे आहेत हे त्यातलं एक कारण. पण ते तोंडाने कोणी बोलत नाही. तोंडाने बोलतात ती बाकीची कारणं.

ती मला पाठ झालीत. ट्रॅमेल मैदानाच्या कडेला टाय आणि हॅट घालून उभे राहायचे, ऑगल्सबी कानाला हेडफोन आणि तोंडापुढे माइक लावून. ट्रॅमेलकडे चार डाव होते, चारही उजवीकडून. समोरच्यांना ते आधीच कळायचे आणि तरी अडवता यायचे नाहीत. ऑगल्सबींच्या हातातला डावांचा कागद डॉटच्या मेनूकार्डापेक्षा मोठा. ट्रॅमेलची पोरं आसपासच्या शेतांतली, कापड गिरणीतली. ऑगल्सबींची पोरं आज इथे, पुढच्या वर्षी जो जास्त पैसे मोजेल त्याच्याकडे. मग कोणीतरी म्हणतो की आजची पोरं त्या पोरांना चिरडतील, एकेकाचं वजन दीडपट आहे. त्यावर दुसरा म्हणतो, वजन डुकराचं बघतात, माणसाचं काळीज बघतात. उंटावरून शेळ्या हाकाव्यात तर त्या टेबलाने. त्यातल्या निम्म्यांनी कधी हेल्मेट डोक्यावर चढवलेलं नाही.

रॉइस पिकेन्सने मात्र चढवलं होतं. रॉइस म्हणजे माझ्या नवऱ्याचा, डिविटचा, जिवलग. दोघं ट्रॅमेलच्या संघात खांद्याला खांदा लावून खेळले. डिविट रांगेच्या मधोमध वाकून उभा राहायचा, चेंडू आपल्या पायांमधून मागे द्यायचा आणि त्याच क्षणी समोरून अंगावर येणाऱ्याला डोक्याने धडक द्यायचा. डोक्यानेच द्यायची, असं कोचनी शिकवलं होतं. हेल्मेट काय मिरवायला दिलंय का, म्हणायचे.

रॉइसचा यावर एक ठरलेला विनोद होता. धडक बसून डोकं गरगरलं की कोच दोन बोटं वर करून विचारायचे, किती? पोरं डोळे मिटूनसुद्धा सांगायची, दोन. कारण कोचनी तिसरं बोट कधी उघडलंच नाही. टेबल हसायचं. मी सांगतेय त्या वर्षी रॉइस तो विनोद एकाच सकाळी दोनदा सांगायला लागला होता. मी मनात म्हटलं, म्हातारे झाले, नवं सांगण्यासारखं यांच्याकडे राहिलंय काय?

मी शेजारच्या टेबलावर बसायचे. गोल टेबलावर बायका बसत नाहीत, असा काही नियम नाही, पण बसत नाहीत. डिविटला मी तिथे घेऊन जायचे, कारण घराबाहेर एवढ्या एकाच जागी तो शांत बसायचा. मक्याच्या कण्यांवर लोणी घालून मी त्याच्यापुढे ठेवायचे. तो हळूहळू खायचा आणि कोचचं नाव निघालं की मान वर करायचा.

बर्मिंगहॅमच्या डॉक्टरने आम्हाला त्याच्या मेंदूची चित्रं दाखवली होती. म्हणाला, हे मोठ्या दुखापतीने होत नाही, लहान लहान धडकांनी होतं, हजारो धडकांनी. मी विचारलं, कधीच्या? तो म्हणाला, कॉलेजात खेळत होते तेव्हाच्याच. चाळीस वर्षं तो माणूस लाकडाची वखार चालवत होता, माझ्याबरोबर चर्चमध्ये बेसूर गात होता, मुलीच्या लग्नात नाचला होता, आणि ते सगळं चालू असताना आत वाळवी लागलेली होती. आधी लाकडाचे भाव विसरला. मग घरचा रस्ता. मग मुलीचं नाव. मग मला 'मॅम' म्हणायला लागला. आईने वळण चांगलं लावलेलं, त्यामुळे परक्या बाईशी अदबीने बोलायचं हे काही तो विसरला नाही. पहिल्यांदा तो मला "थँक्यू, मॅम" म्हणाला तेव्हा मी बाथरूममध्ये नळ सोडून रडले.

पण चार डाव त्याला पाठ होते. कोणी नुसतं "हट" म्हटलं की तो जिथे असेल तिथे गुडघ्यात वाकायचा आणि हात जमिनीकडे न्यायचा. हा शब्द ऐकला की चेंडू मागे द्यायचा असतो. टेबलावरच्या माणसांना याचं भारी कौतुक. बघा, म्हणायची, सगळं गेलं पण कोचनी शिकवलेलं गेलं नाही. मला वाटायचं, कॉफीचं भांडं उचलून एकेकाच्या टकलावर ओतावं.

ऑगस्ट लागला आणि डिविटने पाणी सोडलं.

आमच्याकडे ऑगस्ट म्हणजे फुटबॉलच्या सरावाचा महिना, सकाळ आणि दुपार असा दोन वेळचा, आणि ऊन असं की डांबर बुटाला चिकटतं. डिविट पहाटे उठून बूट घट्ट बांधायचा आणि मागच्या अंगणात पेकनच्या झाडापलीकडे, भर उन्हात, जाऊन उभा राहायचा. आत आणला तरी पुन्हा जायचा. अंगावर साठीतल्या माणसाची कातडी आणि उभं राहणं विशीतल्या पोराचं. पाणी दिलं की मान फिरवायचा. सरबत नको, दूध नको, कॉफीसुद्धा नको. कलिंगडाची फोड तोंडात घातली तर थुंकून टाकली. आधी मला वाटलं, हट्ट आहे. या माणसाचा हट्ट मला नवा नव्हता, सुंभ जळला तरी पीळ जात नाही. पण एकदा मी त्याचं तोंड पुसायला ओला टॉवेल दिला, तर त्याने इकडे तिकडे पाहिलं, टॉवेलचं टोक दातांत धरलं आणि चोरून चोखलं. मी बघतेय हे लक्षात येताच टॉवेल खाली टाकला. कुजबुजून म्हणाला, "कोच बघतायत."

दोनदा त्याला दवाखान्यात नेऊन सलाईन लावावं लागलं. दुसऱ्या वेळी डॉक्टरने मला बाहेर बोलावलं. म्हणाला, मूत्रपिंडं आता हे सोसणार नाहीत. पोटात नळी घालता येईल, पण हे ती उपटून काढतील, हात बांधून ठेवावे लागतील. नाहीतर घरी न्या आणि जवळच्यांना बोलावून घ्या. एवढा मोठा माणूस पाण्यावाचून मरणार होता, आणि घरात तीन नळ.

दुसऱ्या दिवशी मी डॉटच्या हॉटेलात गेले आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या गोल टेबलावर खुर्ची ओढून बसले. म्हटलं, रॉइस, पाण्याचं काय ते सांग. रॉइस खुलला. म्हणाला, पाणी नव्हतंच ना, मिस नेल्डा (आमच्याकडे लग्न झालेल्या बाईलाही मानाने मिसच म्हणतात). पाण्याने माणूस मऊ पडतो. कोच मैदानाच्या कडेला एक बादली ठेवायचे. स्वच्छ पाण्याची, वर बर्फ तरंगतोय, शेजारी लांब दांड्याचं ओगराळं. पिऊ नका असं कधी म्हणाले नाहीत. नुसती ठेवायचे. जो प्यायला जाईल त्याने हेल्मेट बादलीशेजारी ठेवायचं आणि सामान उचलायचं. लॉनी सॅप नावाचा पोरगा गेला एकदा. दोन ओगराळी प्यायला आणि संध्याकाळच्या बसने घरी. पुन्हा कोणी बादलीकडे पाहिलं नाही. "ऑगल्सबींच्या पोरांच्या मागे बाटल्या घेऊन माणसं धावतात," रॉइस म्हणाला, "लग्नात वाढपी धावतात तशी. आता तुम्हीच सांगा, थोर कोण?"

मी उठले. गाडी काढली आणि ट्रॅमेलच्या घरी गेले.

ते गावाबाहेर तळ्याकाठी एकटेच राहत, बायको गेल्यापासून दोन शिकारी कुत्री सोबतीला. डॉटकडे कधी फिरकत नसत. लोक म्हणत, मोठा माणूस, त्याला आपली स्तुती ऐकायला लाज वाटते. माझ्या मनात त्यांच्याविषयी जे होतं ते चर्चमध्ये सांगण्यासारखं नव्हतं. दार उघडलं तेव्हा आधी मी त्यांना ओळखलंच नाही. पँट खांद्यावरच्या पट्ट्यांनी कशीबशी अडकवलेली, मान बारीक झालेली, आणि हातात प्लॅस्टिकचा मोठा जग, त्यावर रेघा आखलेल्या. माझी नजर तिकडे गेली तसं ते म्हणाले, डॉक्टरने सांगितलंय, दुपारपर्यंत या रेघेपर्यंत प्यायचं, मूत्रपिंडासाठी.

माझं डोकंच फिरलं.

"प्या की," मी म्हटलं. "पोटभर प्या. माझा नवरा तुमच्या परवानगीसाठी थांबलाय."

त्यांना काहीच कळलं नाही. मी दारातच उभी राहून सगळं सांगितलं. अंगण, बूट, टॉवेल, सलाईन.  त्यांनी जग खाली ठेवला. मग म्हणाले, उद्या सकाळी येतो.

आले ते जुनी तपकिरी हॅट घालून, टाय बांधून. मी समजले की त्यांना कळलंय काय करायचं ते. डिविट उन्हात उभा होता. त्याने त्यांना पाहिलं आणि त्याची पाठ ताठ झाली. कित्येक महिन्यांत मी त्याला असा सरळ उभा पाहिला नव्हता. क्षणभर मला लग्नातला डिविट दिसला. खरं सांगते, मला मत्सर वाटला. मला 'मॅम', आणि या म्हाताऱ्यासाठी हे.

मी पेला आणला. कोचनी तो पुढे केला.

"कॉझी, पाणी पी." मैदानावर ते सगळ्यांना आडनावानेच हाक मारायचे.

डिविट हसला. शहाणं पोर हसतं तसा, आपल्याला खोडी कळली म्हणून. "नो सर. तहान नाहीये."

"हुकूम आहे माझा, पी."

"नो सर." आणि छाती आणखी पुढे काढली. तो परीक्षेत पास होत होता. कोच जितकं सांगत तितका तो जास्त खंबीर होत होता. मला कळलं, आणि त्यांनाही कळलं असावं, कारण त्यांनी तिसऱ्यांदा सांगितलं नाही. पेला वर उचलला आणि स्वतः प्यायले, सावकाश, त्याला दिसेल असे. म्हणजे बघ, चालतं, मीसुद्धा पितोय.

डिविटचा चेहरा पडला. तो माझ्याकडे वळला.

"मॅम, हा म्हातारा कोण आहे? यानं कोचची हॅट का घातलीय?"

कोच पेला घेऊन व्हरांड्यात जाऊन बसले. मी डिविटला सावलीत ओढायचा प्रयत्न केला, तो हलला नाही. मग मीही जाऊन बसले. हॅट त्यांनी काढून गुडघ्यावर ठेवली होती.

"बादली मीच भरायचो," ते म्हणाले. "बर्फसुद्धा मीच घालायचो. म्हणजे कोण कसा आहे ते कळेल."

"मग, कळलं?"

"लॉनी कळला. त्याला तहान लागली होती." ते डिविटकडे बघत होते. "संघ गेला तसं त्याचं कॉलेजही सुटलं. कॉलेजात असेपर्यंत सैन्य बोलवत नसे, सुटलं तसं बोलावणं आलं. व्हिएतनामहून पेटी आली तेव्हा सगळं गाव स्टेशनवर गेलं होतं. मी गेलो नाही. सराव होता."

मी त्यांना धीर दिला नाही. तेवढं मोठं मन मला कुठलं. मला फक्त डिविटचे ओठ दिसत होते, फुटलेले. म्हटलं, ही पोरं कधीतरी पीत असतील ना? नाहीतर तुमच्या हाती मेली असती सगळी.

सराव संपल्यावर, ते म्हणाले. मी तीन लांब शिट्ट्या द्यायचो. तिसरी झाली की जिमच्या मागच्या नळावर तुटून पडायची.

आम्हा दोघांना एकदमच कळलं. डिविटचा सराव कोणी संपवलाच नव्हता. उन्हात उभा राहून तो शिट्टीची वाट बघत होता.

ती शिट्टी कॉलेजमध्ये होती, दर्शनी दालनातल्या काचेच्या कपाटात, ट्रॅमेलच्या फोटोखाली. दुसरी कुठलीही आणून चालणार नाही, कोच म्हणाले, ती पितळेची होती, तिचा आवाज जाड होता, तो आवाज झोपेतसुद्धा ओळखेल. मी ऑगल्सबींना फोन केला. त्यांचा सकाळचा सराव संपून दुपारचा सुरू व्हायचा होता. मला वाटलं, कोणाला तरी पाठवतील. ते स्वतः आले. कपाटाची किल्ली सापडेना म्हणून त्यांनी बिजागरीचे स्क्रू काढले होते. शिट्टी रुमालात गुंडाळून आणली होती.

गोल टेबलावरच्या कोणालाही विचारा, ते दोघं एका जागी बघायला त्यांनी काय वाटेल ते दिलं असतं. आणि ते दोघं उभे होते माझ्या अंगणात, कपड्यांच्या दोरीखाली, आणि फुटबॉलचा एक शब्दही बोलत नव्हते. ऑगल्सबींनी टोपी काढून ट्रॅमेलना 'सर' म्हटलं, माझा हात हातात घेतला, आणि एवढंच विचारलं, "मिस नेल्डा, हे किती वेळ उन्हात आहेत?" मग बागेची नळी उचलली. उन्हाने नळीतलं पाणी चहासारखं तापलेलं असतं. ते त्यांनी गवतावर वाहू दिलं आणि पुन्हा पुन्हा हात लावून पाहत राहिले. पाणी गार झाल्यावर त्यांनी ट्रॅमेलकडे बघून मान हलवली.

कोच पेकनच्या झाडाआड उभे राहिले. डिविटला दिसायचं नाही, नुसतं ऐकू जायचं, असं ठरलं होतं. पहिल्यांदा फुंकली तेव्हा नुसती हवा निघाली. झाडाला टेकून त्यांनी श्वास घेतला, पुन्हा फुंकली. शेजाऱ्यांची कुत्री भुंकायला लागली. एक. दोन. तिसरी इतकी लांब होती की मला वाटलं, आता हा म्हातारा इथेच पडणार.

"बास, पोरांनो," झाडामागून आवाज आला, आणि तो म्हाताऱ्याचा नव्हता. "चांगलं खेळलात. आत चला."

डिविटचे खांदे खाली आले. त्याने हनुवटीखाली हात नेऊन नसलेला पट्टा सोडवला, नसलेलं हेल्मेट डोक्यावरून उतरवून काखेत धरलं आणि पळत आला. पळत म्हणजे पाय घासत, पण पळतच. ऑगल्सबींनी नळी धरली आणि तो प्यायला. तोंडावरून, गळ्यावरून, शर्टाच्या आत पाणी जात होतं आणि तो डोळे मिटून पीत होता. मधेच थांबून त्याने ऑगल्सबींच्या हाताला हात लावला. "तू पण पी," म्हणाला, "तूही दमला असशील." ऑगल्सबींनी तोंड खाली केलं आणि त्याच नळीने, त्याच्या मागून, तेही प्यायले. मी तोंडात पदर कोंबावा तसा एप्रन कोंबला होता.

मग डिविट माझ्याकडे आला, ओलाचिंब. "झाला सराव, मॅम," म्हणाला, आणि आत जाऊन झोपला.

दुसऱ्या दिवशी पहाटे तो उठला नाही. मी बूट पुढे केले तर त्यांचं काय करायचं ते त्याला कळेना. पेला दिला की प्यायचा, दुसरा दिला की दुसरा. डॉक्टर खूश झाला. मीही झाले, आठवडाभर. मग एक दिवस रॉइस भेटायला आला आणि दारातूनच नेहमीसारखा ओरडला, "हट!" डिविट खिडकीबाहेर बघत राहिला. रॉइसने चारही डावांची नावं घेतली, एकेक करून. नाही. कोचचं नाव घेतलं, नाही. त्याच्या डोक्यात एक ऑगस्ट तेवढा उरला होता आणि तो आम्ही शिट्टी वाजवून मिटवला होता. त्यानंतर जे घरात होतं ते पाणी पीत होतं, ऊब दिली की झोपत होतं, पण तिथे कोणी नव्हतं. 'मॅम'सुद्धा नव्हतं. माझ्यावर पुन्हा तीच वेळ आली तर मी पुन्हा फोन करीन, यात मला शंका नाही. पण त्या दिवशी मी माझ्या माणसाला घरी बोलावलं की निरोप दिला, हे मला आजही सांगता येत नाही.

नाताळ झाल्यावर तो गेला. चर्चमध्ये कोच ट्रॅमेल मागच्या बाकावर बसले होते. ऑगल्सबी त्यांच्या शेजारी होते, त्यांनीच त्यांना गाडीतून आणलं होतं.

वसंतात एके सकाळी मी डॉटकडे गेले. सवयीने दोन ताटल्या मागवल्या आणि एक परत केली. दार उघडलं आणि ट्रॅमेल आत आले. टेबल उभंच राहिलं. इतकी वर्षं ज्याच्या नावाने कॉफी प्यायली तो माणूस प्रत्यक्ष! त्यांना मधली खुर्ची दिली, डॉटने न विचारता पाण्याचा पेला आणि कॉफी ठेवली. ते मला म्हणाले, मिस नेल्डा, इकडे या. म्हणून मीही बसले.

रॉइसच्या तोंडावर आनंद मावत नव्हता. "कोच, आता तुम्हीच निकाल द्या. थोर कोण, तुम्ही की ऑगल्सबी?"

"ऑगल्सबी," ट्रॅमेल म्हणाले.

टेबल हसलं. मोठी माणसं अशीच बोलतात, कोणीतरी म्हणालं. ट्रॅमेल हसले नाहीत. मी सांगायचो ते पोरं करायची, म्हणाले, यात माझा काही मोठेपणा नाही, पोरं तशीच असतात. त्याच्या पोरांना तहान लागली की ती पाणी पितात. यावर टेबल आणखी हसलं. आम्ही हेच तर म्हणतो, मऊ झालीत पोरं! पालथ्या घड्यावर पाणी. ट्रॅमेलनी कॉफीचा घोट घेतला.

बोलणं पावसापाण्याकडे वळलं, कापसाकडे वळलं. रॉइस साखर ढवळत होता. मग त्याने मान वर केली, चेहऱ्यावर तोच आनंद, आणि टेबलावर थाप मारली.

"कोच, आता तुम्हीच निकाल द्या. थोर कोण, तुम्ही की ऑगल्सबी?"

एकदोघं हसले, त्यांना वाटलं, चेष्टा करतोय. मग हसू थांबलं. रॉइस उत्तराची वाट बघत होता. मला गेल्या वर्षीच्या त्या दोन बोटांच्या विनोदाची आठवण झाली, एका सकाळी दोनदा सांगितलेल्या, आणि मी केलेल्या दुर्लक्षाची. ट्रॅमेलनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत जे होतं ते मी माझ्या आरशात पाहिलेलं होतं.

"ऑगल्सबी," ते पुन्हा म्हणाले, पहिल्यांदाच सांगत असल्यासारखे. मग आपल्यापुढचा पेला त्यांनी हळूच रॉइसकडे सरकवला. "पाणी पी, पोरा."

रॉइसने पेल्याकडे पाहिलं. मग मान वळवून आधी डाव्या, मग उजव्या खांद्यावरून मागे पाहिलं. तो हसत नव्हता. दोन बोटांनी त्याने पेला होता तिथे परत सरकवला.

"नो सर," तो म्हणाला. "तहान नाहीये."